तीस टी-शर्ट आणि एक

९ एप्रिल, गुरुवार

सकाळपासून चार वेळा लाइट गेली. दीपनगरचं वीजकेंद्र इथून तासाभरावर, तिथली धुराडी रात्रंदिवस धूर ओकतात आणि पिंप्राळ्यात माझी टी-शर्ट छापायची प्रेस गार. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

धुळ्याकडच्या गोकुळचे तीस आज दिले. पांढरे कॉटन, छातीवर त्याच्या धाकट्या भावाचा चेहरा, खाली 'दिनेशला न्याय द्या'. हा दिनेश मागच्या मे महिन्यात एका हळदीत गेला. डीजेवरून भांडण, डोक्यात पहार. मारणारा सागर त्यांच्याच गावचा, मागच्या आठवड्यात जामिनावर सुटला. सोमवारी कोर्टासमोर हे तीस जण दिनेशला छातीवर घेऊन उभे राहणार. धुळ्यातल्या तिघा छापणाऱ्यांनी काम घेतलं नाही, सागरच्या माणसांना घाबरून. मी घेतलं. आपल्याला कुणाच्या बापाची भीती नाही, असं गोकुळसमोर बोललोही. उगाच.

तापवून कापडावर उतरवायच्या फिल्मवर चेहरा झकास आला होता. बावीसचा पोरगा, जरा तिरका हसतो.

पण प्रेस. काट्यावर १६० दिसतात, मागचा डावा कोपरा मात्र गार असतो. महिनाभर माहीत आहे मला. शेवटचे दहाबारा तर लाइट जाता जाता दाबले. फिल्म सोलताना एकाच्या गालाची कड उचलली, ती बोटाने बसवली. सगळे पुन्हा दाबायला हवे होते. मागे चौदा तारखेच्या जयंतीचे निळे दोनशे पडलेले. जाऊ दे म्हटलं.

दोन दिवस पाण्यात घालू नका, एवढं सांगितलं. गोकुळ किक मारता मारता हो हो म्हणाला. ऐकलं की नाही देव जाणे.

११ एप्रिल, शनिवार

निळे चालू. फिल्मवाल्याशी फोनवर भांडण, फोन आपटला, काच गेली. संगीता म्हणते, तुमचं डोकं प्रेसपेक्षा लवकर तापतं, अन् चारही कोपऱ्यांत. बायको दुकानात कामाला असली की हे ऐकावं लागतं.

१३ एप्रिल, सोमवार

दीड वाजता गोकुळचा फोन. आधी नुसता श्वास. मग शिव्या, माझ्या आईपासून सुरू करून.

कोर्टाबाहेर उन्हात उभे असताना चेहरे सुटायला लागले. कुणाचा डोळा, कुणाचा जबडा. काही चेहरे तर घालतानाच फाटके होते म्हणे. समोर टपरीवर सागरची माणसं चहा पीत होती. ती हसली. त्यातला एक सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "जित्ता बी टिकना नही, छापेल बी टिकना नही."

मग दगड. गोकुळच्या डोक्याला टाके, पलीकडच्या एकाचा दात पडला, पोलिसांनी दोन्हीकडच्यांना झोडपलं.

मी धुतले का म्हणून विचारलं, तर तो अजून भडकला. मग मीही नको ते बोललो. म्हणालो, चेहरा काय गोंदवून द्यायचा होता का तुला. फोन बंद.

असं बोलायला नको होतं. मेलेल्या पोराबद्दल.

१५ एप्रिल, बुधवार

डावा हात गेला म्हणावं लागेल. उजव्याने लिहितोय.

अकराच्या सुमारास पाच जण आले, दोन मोटरसायकली. गोकुळच्या डोक्याला पट्टी. आल्या आल्या काउंटरची काच फोडली. निळ्यांचा उरलेला ढीग रस्त्यावर फेकला, वर पाय दिले. मी पहिल्याच्या तोंडावर ठोसा मारला, तो बसला. बास, एवढीच माझी मर्दुमकी. मग दोघांनी मागून धरलं.

गोकुळने चेहरा निघालेला टी-शर्ट माझ्या तोंडासमोर धरला. "मना भाऊनं तोंड कोठे शे?"

त्याने माझा डावा पंजा प्रेसखाली घातला आणि दांडा ओढला.

मी मोजले. सवय. एक, दोन, तीन. वीस वर्षं हेच आकडे मोजतोय, तोंडातून मोठ्याने आले. लाइट नुकतीच आली होती म्हणून काटा ११०वर होता, दांडा पुरता बसला नव्हता. रोज जिला शिव्या घालतो त्या लाइटीने हात वाचवला.

संगीता मागून कात्री घेऊन आली आणि ज्याने मला धरलं होतं त्याच्या दंडात घातली. त्याचं रक्त माझ्या कॉलरवर. तेव्हा सोडलं.

जाताना गोकुळ दारात थांबला. शांत आवाजात म्हणाला, सोळा मेला भावाला वर्ष होतं, त्याआधी पुन्हा तीस हवेत. "आते निंघनं तं तुनं डोकं दाबसू."

कातड्याचा वास अजून दुकानात आहे. संगीताने ऊद लावला, तरी आहे.

१७ एप्रिल, शुक्रवार

ड्रेसिंग. डॉक्टर म्हणाले, करंगळी आणि शेजारचं बोट वळेल की नाही, महिन्याने कळेल. कसं झालं विचारलं, मी म्हटलं प्रेस पडली. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढचं काही विचारलं नाही.

सं. कालपासून एकच बोलते, चौकीत जा. मी नाही म्हटलं. तिला वाटतं घाबरलो. तिला सांगू कसं? तक्रारीत लिहावं लागेल की माझं छापलेलं चार दिवसांत निघालं. सगळ्या जळगावात ते वाचलं जाईल. हात भाजला ते चालेल.

तिने पुन्हा म्हटलं तेव्हा पट्टीचाच हात उगारला मी तिच्यावर. ती हलली नाही. म्हणाली, "मारा. तेवढंच राहिलंय."

हात खाली घेतला. स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

पडल्या पडल्या विचार येतात ते गोकुळला कसं मारायचं त्याचे. पहार, गाडी, कात्री. सगळं तपशीलवार. मी असा आहे हे माहीत नव्हतं.

२१ एप्रिल, मंगळवार

दुपारी एक बाई दारात. साठीच्या आसपास, नऊवारी, डोक्यावर पदर, हातात गाठोडं. मला वाटलं गिऱ्हाईक. तिने गाठोडं सोडलं, तर तेच टी-शर्ट.

गोकुळची आई. दिनेशची आई. द्वारका नाव, गावात सगळे अक्का म्हणतात. मुलाला न सांगता एस.टी.ने आली होती, दोन गाड्या बदलून. माझा हात पाहिला आणि मटकन खाली फरशीवर बसली.

तिने सांगितलं ते असं. त्यांच्या घरात माणूस गेल्यावर वर्षभर कोरं कापड अंगाला लावत नाहीत. आणलंच तर आधी पाण्यातून काढतात, आपटतात, कोरेपण मोडतात, मग घालतात. गोकुळ टी-शर्ट घेऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तीसच्या तीस विहिरीवर नेले. सोडा लावला. मोगरीने बडवले. उलटेही केले नाहीत, चेहरा वर ठेवून बडवले, कारण मुलाला जमिनीकडे तोंड करून कसं ठेवणार.

"तिसरा दणकाले गाल निंघी गया, भाऊ. मनाच हातघाई. पहिले त्यासनी मारा त्याले, मंग मी."

आधी त्यांनी मारलं, मग आपल्याच हाताने आपण, हे तिने गोकुळला सांगितलं नाही. हिंमत झाली नाही. दोष माझ्यावर गेला, तिने जाऊ दिला. त्याची माफी मागायला आली होती.

मी तिला म्हणायला हवं होतं की अक्का, कोपरा गार होता, मला माहीत होतं, मोगरी नसती तरी पावसाळ्यापर्यंत निघालेच असते. सांगितलं नाही. पाणी दिलं. संगीताने चहा केला. मी हात मांडीवर ठेवून बसलो आणि एका म्हातारीला सगळं पाप डोक्यावर घेऊन परत जाऊ दिलं.

२४ एप्रिल, शुक्रवार

झोप नाही. अक्काचं डोक्यातून जात नाही, आणि त्यातून वेगळंच सुचलं.

कोऱ्या कॉटनला कारखान्यातली खळ असते, वर गुळगुळीत करायचं काहीतरी लावलेलं असतं. फिल्मवरचा गोंद त्या खळीला धरतो, सुताला नाही. खळ पहिल्या धुण्यात गेली की गोंदाखालची जमीनच जाते. शिवाय कापड आटतं, चेहरा आटत नाही, मग तडे. म्हणजे अक्काच्या घरची रीत बरोबर, फक्त उलट्या जागी. आधी धुवायचं, आधी बडवायचं, कोरेपण मोडायचं. मग छापायचं.

वीस वर्षं हा धंदा केला आणि हे मला एका बाईने विहिरीवरून शिकवलं, तेही तिच्या नकळत.

प्रेसचा तापणारा तक्ता बदलला. आता चारही कोपरे सारखे, तापमान मोजायची बंदूक लावून पाहिलं. एक साधा टी-शर्ट सं.ने धुऊन, बडवून, कडक वाळवून दिला. आधी नुसताच दाबला, ओल जाईपर्यंत. मग दिनेश. १६०, पंधरा सेकंद. पूर्ण गार होऊ दिला, मग सोलला. वर कागद ठेवून पुन्हा दहा सेकंद. एका हाताने दांडा ओढायला छाती लावावी लागते.

दोन दिवस तसाच ठेवणार. मग मोगरी.

२८ एप्रिल, मंगळवार

सं. रोज दुकानामागच्या दगडावर धुते. सोडा, गरम पाणी, मोगरी. रोज वीस दणके, चेहरा वर. आज ती बडवत होती आणि मी दारात उभा होतो. तिने एकेक दणका मोजला नाही, नुसती मारत सुटली. कुणाला मारत होती ते विचारलं नाही. दमली तेव्हा मोगरी टाकून दिली आणि पदराने तोंड पुसलं.

दिनेश तसाच. तिरका हसतोय.

रावेरहून केळी भरणाऱ्यांची ऑर्डर आली, पंधरा नग. त्यांचे जुने टी-शर्ट पाहिले. केळीच्या चिकाचे डाग मात्र जसेच्या तसे, कुणी न दाबता, न तापवता. हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

३० एप्रिल, गुरुवार

शेजारचा झेरॉक्सवाला माझ्या हाताकडे बघून चार लोकांत म्हणाला, विलासभाऊंनी आता हातावरच छापायला घेतलंय. त्याच्या कानाखाली वाजवली. चष्मा फुटला. तो रडवेला झाला, मला तरी थांबता येईना, आणखी एक दिली. लोकांनी ओढून काढलं.

कधी कुणावर हात न टाकणारा माणूस होतो मी. आता हाताला सवय लागत चाललीय.

४ मे, सोमवार

अक्का पुन्हा आली. आज गाठोडं नाही. मागे दोरीवर दिनेश वाळत होता, तो दिसला आणि ती थेट तिकडेच गेली. त्याच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले. मी म्हटलं, अक्का, आजवर दीडशे दणके झालेत. तिचा विश्वास बसेना. मोगरी मागितली.

दगडावर टी-शर्ट ठेवला, पदर खोचला. पहिला दणका हलका. दुसरा जरा जोरात. मग तिने डोळे मिटून असे दणके घातले की सं.ने माझा दंड धरला. थांबली तेव्हा वाकून पाहिलं. गाल जागेवर, डोळा जागेवर. कड कुठेही उचललेली नाही. अक्का तिथेच बसून रडली. मला मात्र, खरं सांगायचं तर, अभिमान वाटला.

मग ती म्हणाली, हे गोकुळला देऊ नको.

वर्षाच्या दिवशी सगळे तीस जण हे घालून सागरवर जाणार आहेत. गोकुळने गळ्यावर हात ठेवून सांगितलंय, सागरला शेवटी दिसला तर दिनेशच दिसला पाहिजे. तीसही जणांच्या छातीवर. टी-शर्टशिवाय जायचं नाही, तशी शपथ घेतलीय सगळ्यांनी. म्हणजे टी-शर्ट नाहीत तर जाणं नाही, निदान त्या दिवशी नाही. तेवढा दिवस टळला तर ती गोकुळला घेऊन नाशिकला बहिणीकडे जाईल. बोलणी झालीयत.

"मना एक गया, भाऊ. दुसरा जेलमा जाई. नको देऊ."

मी देणार नाही म्हणालो. सं.समोर शब्द दिला. प्रेस बिघडली म्हणेन, फिल्म नाही म्हणेन. अक्काने माझ्या पट्टीच्या हातावर हात ठेवला. दुखलं, पण काढून घेतला नाही.

७ मे, गुरुवार

तरी छापले. तीसच्या तीस. का ते मला विचारू नये.

द्यायचे नाहीत, नुसते छापून ठेवायचे, असं स्वतःला सांगत होतो. तीस नग आधी धुतले, वाळवले, दाबले. एकाही चेहऱ्याला बुडबुडा नाही. असं काम आयुष्यात केलं नाही. सं. दिवसभर माझ्याशी बोलली नाही, पण धुतले तिनेच. खोक्यात भरून पोटमाळ्यावर टाकले. चाचणीचा दोरीवर, तो वेगळा.

१० मे, रविवार

दिले.

गोकुळ एकटाच आला. मी कात्री जवळ ठेवली होती, सं. मोगरी घेऊन दारात. तो आला आणि वाकून पायाला हात लावला. पट्टीकडे पाहिलं, मान खाली घातली. म्हणाला, आईने त्याला सांगितलं. विहिरीचं, मोगरीचं, सगळं. "चुकनं मनं, भाऊ. तुमनी चूक नव्हतीच."

नव्हतीच. तो शब्द अंगावर आला. माझी चूक होती, आणि ती आता कुणालाच माहीत नाही, माझ्याशिवाय.

मग म्हणाला, नसतील झाले तर राहू द्या. टिकत नाही तर टिकत नाही. भाऊच टिकला नाही. आणि निघाला.

जाऊ द्यायचा होता! तो आपणहून निघाला होता. एक पाय पायरीवर होता. पण 'टिकत नाही' हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, थांब. दोरीवरचा काढला, दगडावर ठेवला, उजव्या हाताने मोगरी घेतली आणि त्याच्यासमोर बडवला. पन्नास. शंभर. घाम डोळ्यात गेला. मग त्याच्यासमोर धरला आणि म्हणालो, काढून दाखव.

त्याने नखाने कड उचलायचा प्रयत्न केला. दाताने केला. नाही निघाला. मग तो टी-शर्ट तोंडावर धरून लहान पोरासारखा रडला.

मी पोटमाळ्यावरून खोकं काढून दिलं. भीतीने नाही, धमकीने नाही. मला दाखवायचं होतं, दुसरं काही नाही. सं. म्हणाली, "अक्काला काय सांगणार?" मी तिला गप्प बस म्हणालो.

१२ मे, मंगळवार

अक्काचा फोन, तीनदा. उचलला नाही.

१५ मे, शुक्रवार

आज उचलणार होतो. आज फोन आलाच नाही. चौकीत जाऊन सांगावं असं दोनदा मनात आलं, चप्पल घातली, काढली. काय सांगणार? की उद्या तीस जण टी-शर्ट घालणार आहेत?

पट्टी सुटली. पंजा गुलाबी, चकचकीत, रेषा पुसल्या गेल्यात. करंगळी वळत नाही.

१६ मे, शनिवार

ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नाही. प्रेस चालू केली, बंद केली. काही केलं नाही.

१७ मे, रविवार

सगळ्यांच्या फोनवर तोच व्हिडिओ. झेरॉक्सवाल्याने आणून दाखवला, थपडा विसरून.

धुळ्याच्या अलीकडे, हायवेवरच्या धाब्यासमोर. भर दुपार. उन्हासाठी गुंडाळतात तसे सगळ्यांच्या तोंडाला रुमाल. नुसते डोळे, आणि खाली छातीवर दिनेश. तीस दिनेश एका दिशेने चालत येतात. खाटेवर बसलेला सागर उठतो, पळत नाही, उभाच राहतो, बघत. मग गर्दी मिटते. काठ्या वर जातात आणि खाली येतात. एका मिनिटाच्या आत आहे सगळं. शेवटी एक जण मागे सरकतो. त्याची बाही खांद्यापासून फाटून लोंबतेय, पोटावर लाल, आणि वर दिनेश तसाच, तिरका हसत.

मी तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा कळलं की मी फक्त कडा बघतोय. कुठे सुटलाय का ते.

फोन त्याच्या हातात परत कोंबला.

सागर जिवंत आहे अजून. शुद्धीवर नाही. धाब्यावरच्या सगळ्यांनी जबाबात एकच सांगितलं म्हणे, कोण होतं दिसलं नाही, दिनेश होता.

१९ मे, मंगळवार

अक्का पहिल्या गाडीने आली. एवढीशी झालेली. संगीताने दार लावून घेतलं.

गाठोड्यात एकच टी-शर्ट. बाही फाटलेला. गोकुळचा. तिने सांगायची गरज नव्हती. सोळाला घरी आला आणि काढून टाकला, तेव्हापासून खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलाय, खात नाही. तिने विहिरीवर नेऊन धुतला.

"रगत निंघी गयं, भाऊ. तोंड नही निंघनं."

पोलिसांनी तिसांपैकी कुणालाच अजून उचललं नाही, पण टी-शर्ट मागितलेत. सगळ्यांचे, एकेक. ज्याचा नाही किंवा ज्याचा फाटका, तोच व्हिडिओतला, तोच आत. बाकीचे एकोणतीस स्वच्छ आहेत. उद्यापरवा गोकुळच्या दारात येतील.

तिची नजर मागच्या दोरीवर गेली. मी तिच्याआधीच तिकडे पाहिलं होतं. दोघांनीही एकदम नजर काढली.

ती म्हणाली, मी माझ्या हाताने बडवलाय तो, मला माहीत आहे तो आहे. माझ्याकडे मागायचं तोंड नाही, कारण सागरलाही आई आहे, दवाखान्याच्या पायरीवर बसलीय, बघून आले मी. दुरून. तिच्यासमोर गेले नाही. तरी मागते.

खरं म्हणजे बोलायची माझी लायकी नव्हती. तिने 'नको देऊ' म्हटलं होतं तेव्हा मी शब्द दिला होता. त्याबद्दल तिने आज चकार शब्द काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

मी तिला ते सांगितलं, जे एप्रिलमध्ये सांगायचं होतं. कोपरा गार होता, अक्का. मला माहीत होतं. तुझ्या मोगरीने नाही निघाला तो.

तिने गाठोडं जवळ ओढलं. मग म्हणाली, "आते काय सांगस रे."

फाटका टी-शर्ट परत गाठोड्यात बांधला आणि गेली. मागितलेलं घेतलं नाही, नको असंही म्हणाली नाही. परवा पुन्हा येते म्हणाली.

२० मे, बुधवार

पोलिसाचा फोन. आवाज साधा, जवळजवळ मवाळ. टी-शर्ट तुमच्याकडचे ना? किती छापले, नेमके? उद्या साडेदहाला येतो, जबाब घेऊ. मी हो म्हणालो.

मग तो म्हणाला, काम छान आहे हो तुमचं. आमच्या साहेबांनी पाण्यात घालून पाहिलं.

सं.ला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, त्या दिवशी हाताची तक्रार केली असती तर गोकुळ सोळा मेला आत असता. सागर घरी असता. अक्का अशी दारोदार फिरली नसती.

भाकरी करपली.

छापले तीस म्हटलं तर एका आईचा मुलगा वाचतो. मग दोरीवरचा, फाटक्याच्या बदली, तिच्या हातात द्यायचा आणि जन्मभर तीस म्हणत राहायचं. एकतीस म्हटलं तर मी पहिल्यांदा खरं बोलतो, ते नेमकं तिच्या जिवावर. सागर मेला तर? उठला तर? त्याने ओळखलं तर? प्रत्येक विचाराला दोन टोकं, आणि दोन्हीकडे एकेक म्हातारी बसलेली.

हात लावून पाहिला टी-शर्टला. अडीचशेच्या वर दणके झाले असतील. कापड विरलंय आता, उजेड आरपार येतो. चेहऱ्यापाशी मात्र नाही.

२१ मे, गुरुवार

सकाळचे दहा. अक्का साडेआठलाच आली, आत स्टुलावर बसलीय. मी बाहेर काउंटरला. मधे पडदा. चहा घेतला नाही तिने.

सं.ने मघाशी दोरीवरून टी-शर्ट काढला, नीट घडी घातली आणि माझ्यासमोर काउंटरवर ठेवला. मागे जाऊन अक्काशेजारी उभी राहिली.

दहा वाजून वीस. कोपऱ्यावर मोटरसायकलचा आवाज आला, तो पुढे गेला. दुधवाला.

घडी अशी पडलीय की चेहरा वर आलाय. मी ती उलटी केली. मग परत सरळ केली, आणि डाव्या हाताने धरून बसलोय. करंगळी तेवढी बाहेर राहते.